आधी तू

"शर्यत हाय म्हनतीस, मग पळत का न्हाईसा?"

आप्पांनी हे विचारलं तेव्हा मी नुकतीच जिंकून आले होते. श्वास छातीत मावत नव्हता, मांड्या पेटल्या होत्या, आणि माझे वडील बालेवाडीच्या त्या मोठ्या स्टँडच्या सावलीत, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन, मी पेपर कोरा देऊन आल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

"पळाले की आप्पा. शेवटी बघितलं नाही का?"

"शेवटी पळालीस. त्याच्या आदी? दोघी निस्त्या बाजाराला निघाल्यागत चालल्या हुता. ती तुझ्याकडं बगतीया, तू तिच्याकडं. मदी एकदा तर तू थांबलीसच. शेजारचा मानूस म्हनला, आता खरी मजा. मी म्हनलं, कसली मजा डोंबलाची, पोरीची सायकल बिगाडली."

आप्पा आमच्या नांद्र्याहून दूध संघाचा टँकर घेऊन पुण्याला यायचे. इतकी वर्षं त्यांनी मला पहाटे सायकल काढताना पाहिलं होतं, दमून परत येताना पाहिलं होतं, पण रेस एकही पाहिली नव्हती. त्या दिवशी टँकर रिकामा करून, तो स्टेडियमबाहेर लावून, खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसत ते आत आले होते.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना समजेल असं सांगायला हवं होतं.

"आप्पा, समजा हायवेला समोरून वारा आहे, आणि तुमच्या पुढं मोठा ट्रक चाललाय. त्याला चिकटून टँकर चालवला तर काय होतं?"

"डिझेल वाचतंय. वारं त्यो खातोय."

"तसंच आमचं. पुढची वारा खाते, मागची फुकट येते. शिवाय मागचीला पुढची सगळी दिसते, पुढचीला मागची दिसत नाही. मग शेवटी मागची बाजू काढून पुढं जाते."

आप्पांनी विचार केला. "म्हंजे जी पुढं, ती गाढव."

"हो."

"म्हनून दोगीबी माग ऱ्हायाला बगताय."

"हो!"

"आनि शर्यत पुढं जान्याची हाय."

"हो, आप्पा."

त्यांनी डब्यातला एक लाडू काढला, निम्मा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "येड्यांचा बाजार हाय सगळा."

त्यात चूक काही नव्हती. ट्रॅक म्हणजे सिमेंटची मोठी परात. वळणावर भिंतीसारखी चढलेली. सायकलला ब्रेक नाही. मागचं चाक फिरलं की पेडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. दोनच मुली, दोनच फेऱ्या. पहिली फेरी कासवाच्या चालीनं एकमेकींना खेळवत काढायची आणि उरलेली एका श्वासात संपवायची. तीनपैकी दोन जिंकेल ती विजेती.

त्या दिवशी फायनलमध्ये माझ्यासमोर होती यामिनी सबनीस. पुण्याची, उंच, माझ्यापेक्षा हातभर रुंद खांद्यांची. राज्याचं अजिंक्यपद सलग तीन वर्षं तिच्याकडे होतं, आणि त्यातल्या शेवटच्या दोन वर्षी फायनलला तिच्यासमोर हरायला मीच होते. तिनं माझ्याशी कधी एक शब्द काढला नव्हता. रेस झाली की हात मिळवायची, तोही हातमोजा न काढता, आणि दुसरीकडे बघत निघून जायची. आमच्या सांगलीच्या मुली तिला 'महाराणी' म्हणायच्या.

जिंकणारी पतियाळाच्या राष्ट्रीय कँपला जाणार होती. एकच जागा. आणि आमच्या घरचा करार असा होता की यंदा निवड झाली तर कँप, नाहीतर सायकल माळ्यावर आणि मी बी.एड.ला. आप्पा शब्दाचे पक्के होते, मीही. त्यामुळे रागवायलाही कोणी उरलं नव्हतं.

सकाळची पहिली रेस मी हरले होते. पुढं अडकले आणि तिनं मागून येऊन मला चिरडलं. दुसरीत मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकच्या अगदी वरच्या कडेला जाऊन थांबले. तिला ते नवीन होतं. ती गोंधळून पुढं गेली आणि मी वरून घारीसारखी खाली झेपावले. एक-एक. तिसरी बाकी.

"तिसऱ्या येळी तरी पहिल्यापास्नं पळव," आप्पा म्हणाले. "कशाला रिस्क घ्यायची?"

तेवढ्यात आमचे भिलारे सर आले. सर पतियाळाला शिकून आलेले, बोलायला कमी. त्या वर्षी ते निवड समितीवरही होते, म्हणून सकाळपासून माझ्याजवळ फारसे फिरकले नव्हते. आता मात्र त्यांचा चेहरा काहीतरी वेगळाच दिसत होता. लग्नघरातल्या माणसाचा असतो तसा, आतून खुशीत आणि वरून कामात.

"चिठ्ठीत तुझं नाव निघालंय," ते म्हणाले. "पहिली अर्धी फेरी तुला पुढं राहावं लागेल. नंतर थांब. तिला पुढं काढ. दुसऱ्या रेसमध्ये बिचकली ना? परत बिचकेल."

"आणि तीही थांबली तर?"

"तर तूही थांबून राहा. जी आधी हलेल ती हरेल. आणि कान बंद ठेव. उभं राहिल्यावर समोरची काही बोलली तर ऐकायचं नाही. तिथं बोललेला प्रत्येक शब्द ही चाल असते."

"सर, यामिनी बोलत नाही."

सर काहीतरी बोलणार होते. मग नुसतेच हसले. "खेळ मस्तपैकी," म्हणाले. मला जरा रागच आला. माझं सगळं आयुष्य या एका रेसवर टांगलं होतं आणि हे म्हणतात मस्तपैकी!

शिट्टी झाली. सरांनी माझी सीट धरली होती, सोडून हलकेच ढकललं. मी आत, यामिनी माझ्या उजव्या खांद्यामागे. नियमाप्रमाणे मी पुढं चालू लागले, चालण्याच्याच वेगानं. मान उजवीकडे वळवून, हनुवटी खांद्यावर ठेवून मी तिला बघत होते. ती मला. पुढं कुठं जातोय हे दोघीही बघत नव्हतो.

अर्धी फेरी संपली. आता पुढं राहण्याचं बंधन नव्हतं. मी हळूहळू उजवीकडे चढायला लागले. तीही चढली. वळण ओलांडून आम्ही स्टँडसमोर आलो, तेव्हा मी ट्रॅकच्या अगदी वरच्या कडेला, प्रेक्षकांच्या कठड्याजवळ होते. पुढचं चाक चढाच्या दिशेनं वळवलं, पेडलवर वजन तोललं आणि थांबले.

दुसऱ्या रेसमध्ये ती इथंच पुढं गेली होती. या वेळी गेली नाही. माझ्या मागच्या चाकाशी, तेवढ्याच उंचीवर, तिनंही सायकल थांबवली. एकदम अलगद. जणू झाडावर पाखरू बसलं.

स्टँडमध्ये 'ओऽऽ' असा आवाज उठला आणि विरला. मग अशी शांतता पसरली की मला माझ्याच चेनची बारीक कुरकुर ऐकू यायला लागली.

सायकलवर न हलता उभं राहणं हे पळण्यापेक्षा अवघड आहे. पेडल जरा जास्त दाबलं तर पुढं, जरा कमी पडलं तर मागे, आणि मागे सरकलं तर पंच पुढं व्हायला लावतात. सगळं शरीर एका केसावर तोललेलं असतं. घाम नाकाच्या शेंड्यावर येतो आणि तो पुसायची चोरी असते.

"मगदूम," मागून आवाज आला.

मी दचकले. म्हणजे दचकता येत नव्हतं, पण आतून दचकले. यामिनी सबनीस माझ्याशी बोलत होती.

"तुझे पाय थरथरतायत."

कान बंद, मी स्वतःला बजावलं.

"माझेही थरथरतायत," ती म्हणाली. मग कुजबुजली, "मला शिंक येतेय."

मी ऐकत नव्हते. मुळीच ऐकत नव्हते. तरी तोंडातून गेलंच, "मग शिंक की."

"शिंकले तर पडेन."

"म्हणूनच सांगतेय."

मागून एक विचित्र आवाज आला. ती नाकातल्या नाकात हसली होती. महाराणी! मलाही हसू फुटायला आलं. मी दात आवळले.

"आधी तू जा," ती म्हणाली. "मग मी निवांत शिंकते."

"आधी तू शिंक, मग मी जाते."

वर कोणीतरी ओरडलं, "अगं चला ना!" आणि लगेच दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते. मला माहीत होतं की तिच्याही आले असणार, आणि तिला माहीत होतं की मला ते माहीत आहे. हे सगळं इतकं मूर्खपणाचं होतं! दोन शहाण्या मुली, भर दुपारी, शेकडो लोकांसमोर, मागे राहण्यासाठी जिवाचं रान करत होत्या.

"मगदूम, ऐक. सोमवारी मी जर्मनीला चाललेय. शिकायला. ही माझी शेवटची रेस आहे."

सर म्हणाले होते तेच. प्रत्येक शब्द ही चाल. आता मला रडवायला बघतेय, म्हणजे मी सैल पडेन.

"हो का?" मी म्हणाले. "मी मंगळवारी चंद्रावर चाललेय."

मग गंभीर आवाजात प्रश्न आला, "रिटर्न तिकीट काढलंस?"

माझं हँडल थरथरलं. पोटातलं हसू वर येत होतं आणि त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. मी डोळे मोठे केले, जीभ चावली, शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचा चेहरा आठवला. काही उपयोग झाला नाही.

"खरंच सांगतेय गं," ती म्हणाली.

"मीपण."

आणि त्याच क्षणी, माझ्या उजव्या कानापासून हातभर अंतरावर, कठड्यापलीकडून दबलेला, काळजीनं ओथंबलेला आवाज आला.

"त्रिशे, चेन पडली काय गं?"

मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. आप्पा पायऱ्या उतरून कठड्याला येऊन भिडले होते. टॉवेल डोक्याला बांधलेला. आणि हातात टँकरचा पाना. केवढा! त्यानं माझी अख्खी सायकल एका दमात खोलता आली असती. मघाच्या रेसमध्ये मी थांबले होते म्हणून हा माणूस बाहेर जाऊन पाना घेऊन आला होता.

"ह्यो घे," आप्पा म्हणाले, आणि पाना कठड्यावरून माझ्याकडे सरकवू लागले. "कुनी बगंना झालंय. घे पटकन."

"ओ काका!" खालून पंच ओरडले. "मागे व्हा! मागे व्हा!"

"अवो, पोरीची चेन पडलीया! तुमाला दिसंना व्हय?"

यामिनीनं आधी एक किंचाळी मारली. मग ती शिंकली. मग हसत सुटली, मोठ्यांदा, खिंकाळल्यासारखी. तिचं चाक घसरलं, सायकल डगमगली. उतारावर तिला पडायचं तरी होतं नाहीतर निघायचं तरी होतं. ती निघाली. माझ्या शेजारून, माझ्या पुढं.

ती हलली होती! आणि मी तिथंच, हँडलवर कपाळ टेकून, खदखदा हसत होते.

"त्रिशला!" सरांचा आवाज आकाशातून आल्यासारखा आला. "जाऽऽ!"

यामिनी महाराणी उगीच नव्हती. हसतानाही तिनं डाव साधला होता. पुढं जावंच लागतंय म्हटल्यावर ती थेट उतारानं खाली सुटली, शेवटच्या फेरीची घंटा वाजली आणि आम्हा दोघींत भलंमोठं अंतर पडलं. मी वरून उडी घेतली. डोळ्यांत हसल्याचं पाणी, समोर सगळं धुरकट, त्यात तिची पिवळी जर्सी लांब लांब जाणारी.

पहिल्या वळणात मी काय केलं ते मला आठवत नाही. पाय माझे नव्हते. पलीकडच्या सरळ पट्ट्यात मला एकदम वारा लागेनासा झाला, आणि कळलं की मी तिच्या मागे पोचलेय. ट्रकमागच्या टँकरसारखी. ती ट्रॅकच्या तळाशी आखलेल्या लाल रेघेच्या आत उतरली. आता तिला तिथून बाहेर यायला परवानगी नव्हती. आणि मला पुढं जायचं तर बाहेरूनच, लांबच्या वाटेनं.

आत्ता की नंतर? आत्ता निघाले तर वळणावर बाहेरून जास्त अंतर कापायला लागणार. थांबले तर ती निसटणार. मी थांबले. अख्खं शेवटचं वळण तिच्या मागच्या चाकावर डोळे ठेवून थांबले. ती खाली वाकून काखेतून मागे बघत होती. आमची नजरानजर झाली, आणि शपथेवर सांगते, त्या वेगातही ती हसत होती.

वळण सुटलं. मी उजवीकडे बाहेर पडले. वारा थोबाडीत बसला. तिचं मागचं चाक, तिचं पेडल, तिचा गुडघा, तिचं कोपर. शेवटची रेघ आली तेव्हा मी दोन्ही हात लांब करून सायकल स्वतःच्या पुढं फेकली, विहिरीत बादली फेकावी तशी, आणि डोळे मिटून घेतले.

पंचांचं बराच वेळ चाललं. मी ट्रॅकभोवती नुसतीच फिरत राहिले, थांबताच येत नव्हतं. मग लाउडस्पीकर खरखरला आणि माझं नाव आलं. टायरच्या रुंदीएवढ्या फरकानं, पण माझं.

आप्पा कठड्यावरून उडी मारून आत आले. पाना अजून हातातच. "लागली चेन?" त्यांनी विचारलं.

"लागली, आप्पा," मी म्हणाले आणि त्यांच्या गळ्यात पडले.

मग सर आले. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "आता सांगतो. कँपला तूच जाणार हे ठरलेलं होतं. सकाळपासून."

मला कळेना. "म्हणजे?"

"यामिनी सकाळी माझ्याकडं आली होती. सोमवारी जर्मनीला निघालीय, शिकायला. कँपची जागा नको म्हणाली. तू हरली असतीस तरी जागा तुलाच होती."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तिनंच अट घातली. म्हणाली, मगदूमला कळलं तर ती जीव तोडून खेळणार नाही, आणि मला शेवटची रेस नीट खेळायचीय."

माझा आनंद क्षणात कडू झाला. रात्र रात्र झोपले नव्हते मी! बी.एड.चा विचार डोक्यातून जात नव्हता, आणि इकडे ही दोघं! मी सायकल सरांच्या हातात दिली आणि तरातरा चालत गेले. यामिनी मधल्या हिरवळीवर बसून बूट काढत होती.

"खोटारडी!" मी म्हणाले.

तिनं वर पाहिलं. "मी? मी तर तुला सांगितलं. अगदी कानात सांगितलं. तूच चंद्रावर गेलीस."

मला माझंच मंगळवारचं चंद्राचं तिकीट आठवलं.

"बस ना," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं हातमोजे काढले होते. "खरं सांगू? तीन वर्षं मी जिंकले, पण माझ्याशी कोणी खेळलंच नाही. मला बघितलं की मुली घाबरून लांबूनच पळत सुटायच्या. मी आपली मागून जायचे आणि जिंकायचे. तूसुद्धा तसंच करायचीस. मला वाटायचं, याच्यासाठी का मी रोज पहाटे उठते? आणि आज दुसऱ्या रेसमध्ये तू वर जाऊन थांबलीस. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, अरे, ही खेळतेय! आणि नेमकं आजच? सोमवारी विमान असताना?"

मी तिच्याकडे बघत राहिले. महाराणीच्या नाकाला शेंबूड लागला होता. मघाच्या शिंकेचा.

"नाक पूस," मी म्हणाले.

तिनं पुसलं. मग ट्रॅककडे पाहिलं. पारितोषिकाची टेबलं अजून मांडली जात होती, लोक उठून चहाला गेले होते, ऊन कलायला लागलं होतं.

"एक अजून?" ती म्हणाली.

"कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

सरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि निमूट माझी सीट धरली. यामिनीची सीट धरायला कोणी नव्हतं म्हणून आप्पांनी धरली. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाला तरी शर्यतीत सोडणार होते, त्यामुळे दोन्ही हातांनी, टँकरचं स्टीअरिंग धरल्यासारखी घट्ट धरली होती.

"पोरी, लाडू खाल्लास का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही काका."

"मग कशी पळशील?" आणि त्यांनी एक लाडू तिच्या तोंडात कोंबला.

ती रेस यामिनीनं जिंकली. तोंडात लाडू धरून, मला सायकलच्या लांबीनं मागे टाकून जिंकली. आम्ही दोनदा उभ्या राहिलो, एकदा तर वळणाच्या भिंतीवर, आणि दोन्ही वेळा मीच आधी हसले. रेघ ओलांडल्यावर तिनं दोन्ही हात आकाशात फेकले आणि रिकाम्या स्टँडसमोर अशी आरोळी ठोकली की चहावाला धावत बघायला आला. तीन अजिंक्यपदं जिंकताना तिनं हात कधी खांद्याच्या वर नेलेला मी पाहिला नव्हता.

मग आम्ही दोघी हिरवळीवर आडव्या पडलो. बराच वेळ नुसत्या धापा टाकत होतो.

"पण यामिनी," मी म्हणाले, "वर थांबलो होतो तेव्हा तू मला खरं का सांगितलंस? सरांना तूच सांगितलं होतंस ना, मला कळू देऊ नका म्हणून? मी विश्वास ठेवला असता तर?"

"तर तुझं मन विरघळलं असतं. हात सैल पडले असते. पुढं गेली असतीस आणि मी मागून येऊन जिंकले असते."

मी कोपरावर उठले. "म्हणजे तीपण चालच होती?"

"अर्थात!" ती आभाळाकडे बघत म्हणाली. "जर्मनीचं तिकीट इतकं महाग पडलंय, म्हटलं थोडं तरी वसूल करावं."

मी तिला हातात आलं तेवढं गवत उपटून मारलं.

सोमवारी ती गेली. पुढच्या महिन्यात मी पतियाळाला पोचले. कँपमध्ये सगळ्या जणी माझ्यापेक्षा दणकट, माझ्यापेक्षा वेगवान, आणि भाषा कुणाचीच माझ्याशी जुळणारी नव्हती. पहिल्याच आठवड्यात सरावाच्या रेसला मला पंजाबच्या हरलीनसमोर उतरवलं. हरलीन म्हणजे चालतं इंजिन होतं. पण मी वर गेले आणि थांबले, आणि तीही थांबली. भिलारे सर राज्याचे प्रशिक्षक म्हणून माझ्याबरोबर आलेले होते, ते खाली उभे राहून बघत होते.

पाय थरथरायला लागले. समोर हरलीनचा दगडासारखा चेहरा. मग मी अगदी शांतपणे, अगदी स्वच्छ मराठीत तिला म्हणाले, "हे बघ हरलीन, माझी मैत्रीण जर्मनीला गेलीय आणि मला इथं अजिबात करमत नाही."

हरलीननं भुवया आक्रसल्या. "हैं?" म्हणाली, आणि नीट ऐकायला म्हणून जराशी पुढं झुकली. तेवढं पुरलं. चाक हललं, ती पुढं गेली, आणि पुढचं सगळं मला येत होतं.

रेस संपवून आले तेव्हा सरांनी पाण्याची बाटली पुढं केली. ते हसू दाबत होते.

"काय सांगत होतीस तिला एवढं?"

मी पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "खरं तेच, सर."